‘इन्शुरन्स आत आहे’ म्हणजे नेमका कुठे आहे?

उमऱ्याच्या पॅकेजच्या जाहिराती आपल्या सगळ्यांच्याच मोबाईलवर येतात. विमान, व्हिसा, हॉटेल, जियारत, तीन वेळचं जेवण, जमजम आणि शेवटी एका कोपऱ्यात इन्शुरन्स. कितीचा, कोणत्या कंपनीचा, कशासाठी, हे लिहिलेलं नसतं. ऑफिसात जाऊन विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे : “इन्शुरन्स आत आहे भाई, टेन्शन मत लो.” हॉटेल हरमपासून किती मीटरवर आहे हे आपले लोक नकाशा उघडून मोजतात. जेवण हैदराबादी आचाऱ्याचं की पाकिस्तानी, यावर अर्धा तास हुज्जत घालतात. पण “इन्शुरन्स आत आहे” म्हटलं की पुढचा प्रश्न कोणीच विचारत नाही. माझं भांडण या न विचारण्याशी आहे, आणि त्यावर धंदा करणाऱ्यांशी तर आहेच.

“आत आहे” हे तसं खोटंही नसतं. उमऱ्याला परदेशातून येणाऱ्यांसाठी सौदी सरकारने २०२० पासून विमा सक्तीचा केला आहे आणि त्याचा हप्ता व्हिसाच्या पैशातच जातो. तातडीचे उपचार, अपघात, मृत्यू, मय्यत मायदेशी पाठवण्याचा खर्च, विमान रद्द होणं किंवा त्याला उशीर होणं, असं त्याचं स्वरूप आहे. कमाल मर्यादा १ लाख रियाल. म्हणजे एजंट जी गोष्ट स्वतःची मेहरबानी म्हणून सांगतो, ती त्याने दिलेलीच नसते. व्हिसाचे पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला ती मिळते.

हा विमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. मक्केत छातीत दुखू लागलं तर तो कामाला येतो. पण तो तिथल्या तातडीच्या प्रसंगापुरता आहे. निघण्याच्या आठ दिवस आधी अब्बा घरी पडले, पायाचं हाड मोडलं आणि प्रवासच रद्द झाला, तर हा विमा काही देत नाही. परत आल्यावर मिरजेच्या किंवा औरंगाबादच्या दवाखान्यात महिनाभर चालणाऱ्या उपचारांशी त्याचा संबंध नाही. आयुष्यभराच्या शुगर-बीपीच्या गोळ्या तिथे संपल्या म्हणून विकत घेतल्या, तर तेही त्याचं काम नाही. ही जागा भरून काढायला भारतीय कंपन्यांची परदेश प्रवास पॉलिसी असते. ती वेगळी काढावी लागते. काही एजंट ती काढतात आणि काही काढल्याचं सांगतात. काढणाऱ्यांपैकीही फार थोडे पॉलिसीचा कागद आपल्या हातात देतात.

माझ्या खालाचं उदाहरण सांगतो. तिला पंधरा वर्षांची शुगर आहे आणि तळपायाची संवेदना बरीच कमी झालेली. हरमच्या दारात चप्पल हरवली, जी तिथे रोज हजारोंची हरवते, आणि ती दुपारच्या उन्हात तशीच हॉटेलपर्यंत चालत गेली. तिला काही कळलंच नाही. संध्याकाळी तळव्याला मोठे फोड आले होते. तीन दिवसांत जखम चिघळली. तिथल्या हॉस्पिटलमध्ये उपचार झाले, ते चांगले झाले, पण परतीचं विमान चुकलं. नवं तिकीट घरच्यांनी काढलं. इथे आल्यावर दोन बोटं काढावी लागली. तिच्या एजंटने पॅकेजमध्ये भारतीय पॉलिसीही काढलेली होती. क्लेम टाकला आणि नामंजूर झाला. कारण, प्रस्तावाच्या फॉर्मवर ‘पूर्वीपासूनचा कोणताही आजार’ या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलेलं होतं. खालाने तो फॉर्म कधी पाहिलाच नव्हता. एजंटच्या ऑफिसातल्या पोराने एका दुपारी चाळीस जणांचे फॉर्म भरले आणि चाळिसांच्याही पुढे ‘नाही’ ठोकलं. ‘हो’ लिहिलं की हप्ता वाढतो, वेळ जातो, कधी डॉक्टरचा कागद लागतो. चाळीस जणांत, बहुतेक साठीच्या पुढचे, आणि एकालाही शुगर नाही की बीपी नाही! असा मोहल्ला महाराष्ट्रात कुठे असेल तर मला दाखवा, मी तिथे घर घेतो.

मी एजंटला जाब विचारायला गेलो तेव्हा त्याने जे सांगितलं ते महत्त्वाचं आहे. तो म्हणाला, “सगळेच असं करतात. आणि अल्लाहच्या घरी जाणाऱ्याला काय होतं?”

या एका वाक्यात निष्काळजीपणाही आहे आणि त्याला घातलेला दीनचा बुरखाही.

आधी निष्काळजीपणाचं बोलू. विम्याचा करार परस्परविश्वासावर उभा असतो. विचारलेली माहिती लपवली तर कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. पण खरं सांगितलं तर कायदा तुमच्या बाजूने किती उभा राहतो, हेही माहीत असू द्या. मनमोहन नंदा यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये निकाल दिला. हे गृहस्थ परदेश प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेऊन अमेरिकेला गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचल्यावर त्यांना हार्ट अटॅक आला. बिल दोन लाख डॉलरच्या वर गेलं. त्यांनी आपल्याला मधुमेह आहे हे आधीच सांगितलेलं होतं, कंपनीने वैद्यकीय तपासणीही करून घेतली होती. तरी कंपनी म्हणाली, कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती ते सांगितलं नाही, म्हणून पैसे नाहीत. कोर्टाने ते मानलं नाही. माणसाची प्रकृती जाणून घेऊन पॉलिसी दिल्यावर, त्याच जाहीर केलेल्या आजाराकडे बोट दाखवून कंपनीला मागे फिरता येणार नाही, असा त्या निकालाचा सूर आहे. म्हणून रकान्यात ‘हो’ लिहिणं हे नुकसानीचं नाही. तेच तुमचं हत्यार आहे. खालाच्या फॉर्मवर ‘हो’ असतं तर आज आमच्या हातात लढायला काहीतरी असतं.

दुसरी गोष्ट ‘अपघाती विम्या’ची. पॅम्फ्लेटवर सर्वांत मोठा आकडा त्याचाच असतो, पाच लाख, दहा लाख. २०२४ च्या हजमध्ये मक्केचं तापमान ५१.८ अंशांवर गेलं आणि सौदी सरकारच्या आकड्यानुसार १,३०१ माणसं मरण पावली. त्या वर्षी जूनमध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने ९८ भारतीयांच्या मृत्यूची माहिती दिली. बहुतेक मृत्यू आजार आणि वार्धक्यामुळे होते, अपघाताने गेलेले चार. म्हणजे तो मोठा आकडा अठ्ठ्याण्णवपैकी चार घरांसाठी होता. हार्ट अटॅक हा विम्याच्या भाषेत अपघात नाही. आपले बुजुर्ग तिथे ज्याने जातात, त्याला पॉलिसी काय देते हे विचारा. जे क्वचित घडतं त्याचा आकडा मोठ्या अक्षरांत छापणं हा जुना खेळ आहे.

अपघात होतच नाहीत असं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मक्केहून मदिनेकडे निघालेली बस डिझेलच्या टँकरला धडकली आणि ४५ भारतीय उमराह यात्रेकरू जळून गेले, बहुतेक हैदराबादचे. त्यांचं दफन मदिनेतच झालं. आता पॉलिसीतलं ‘मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च’ हे कलम घ्या. मक्का-मदिनेत मौत आली तर तिथल्याच मातीत राहावं, ही आपल्या घराघरातली इच्छा असते. मग लाखो रुपयांचं हे कलम आपल्या किती कामाचं? आपल्याला विचारायला हवं ते हे : तिथेच दफन केलं तर खर्च मिळतो का? घरातल्या एका माणसाला तातडीने तिथे नेण्याची सोय आहे का? काही पॉलिसींमध्ये असं कलम असतं. पण ही पॉलिसी दुबईला शॉपिंगला जाणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे, आणि आपण ती जशीच्या तशी हाजीच्या गळ्यात बांधतो.

तिसरं, परवान्याशिवाय हज. २०२४ मध्ये मेलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांकडे हजचा परवाना नव्हता. त्यांच्याकडे मीनामध्ये तंबू नव्हता, बस नव्हती, सावली नव्हती. भर उन्हात ते पायी चालत होते. व्हिजिट व्हिसावर नेतो, सगळं ‘सेट’ आहे, असं सांगणारे आपल्याकडेही आहेत. २०२५ साली विनापरवाना हजचा दंड २० हजार रियालपर्यंत नेला गेला. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की त्या देशाचा कायदा मोडून केलेल्या प्रवासात जे होईल ते पॉलिसीच्या बाहेर जातं. त्या माणसाच्या खिशात विमा असला तरी तो नसल्यासारखाच.

आणि ज्याला कोणताच विमा पुरत नाही ते म्हणजे खुद्द टूरवाल्याचं अपयश. २०२५ ची हज आठवा. भारताचा कोटा १,७५,०२५. त्यातल्या खासगी टूरवाल्यांच्या ५२,५०७ जागा वेळेत मीनाचे करार आणि पैसे न भरल्यामुळे गेल्या. सरकारने रदबदली केल्यावर दहा हजारांसाठी पोर्टल पुन्हा उघडलं. बाकी बेचाळीस हजारांवर माणसं घरी राहिली. कोणी आयुष्याची पुंजी दिली होती, कोणी शेत विकलं होतं. नेहमीच्या प्रवास पॉलिसीत व्हिसा न मिळणं किंवा आयोजकाने पैसे न भरणं हे ‘प्रवास रद्द’च्या कारणांत बसत नाही. तिथे जागा ग्राहक आयोगाची आहे, आणि तिकडे जायला हातात करार आणि पावती लागते. व्हॉट्सॲपवरचा हिरवा घुमट चालत नाही. हजवाल्यांची निदान सरकारदरबारी नोंदणी तरी असते. उमरा विकायला तीही लागत नाही.

आता दीनच्या बुरख्याचं. “विमा हरामच आहे, मग वाचायचं कशाला?” हा युक्तिवाद मी पदवीधर पोरांकडूनही ऐकतो. चर्चा जुनी आहे आणि गंभीर आहे, मी ती उडवून लावत नाही. एकोणिसाव्या शतकात दमास्कसच्या इब्न आबिदीन यांनी सागरी विम्यावर लिहिलं. १९८५ मध्ये जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने व्यापारी विमा नाजायज आणि सहकारी विमा जायज असा ठराव केला. मुस्तफा झरकांसारख्या मोठ्या आलिमाचं मत मात्र विम्याच्या बाजूचं होतं. गरर, म्हणजे करारातली धूसरता, हा विम्यावरचा मुख्य आक्षेप. मग मला सांगा, न वाचता सही केलेल्या आणि दुसऱ्यानेच खोटा भरलेल्या फॉर्मपेक्षा मोठा गरर कोणता? भारतात तकाफुलची पॉलिसी बाजारात मिळत नाही हे खरं आहे, आणि ज्याला व्यापारी विमा घ्यायचाच नाही त्याच्या निर्णयाचा मी आदर करतो. त्याने तसं ठरवून, बाजूला पैसे ठेवून जावं. पण जो विमा घेतो, पैसे भरतो, आणि वाचण्याची वेळ आली की तवक्कुल पुढे करतो, त्याचं हे तवक्कुल नाही, आळस आहे. उंट बांधण्याची हदीस मिंबरवरून आपण किती वेळा ऐकली आहे! शिवाय हज फर्ज होण्याची अटच इस्तिताअत आहे. ऐपत म्हणजे फक्त तिकिटाचे पैसे, हे कोणी ठरवलं?

एजंटांनाही ‘अल्लाहचे मेहमान’ हे शब्द फार प्रिय आहेत. मेहमानाच्या फॉर्मवर खोटं लिहिणारा यजमान कसला?

म्हणून मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरापोरींकडे माझी मागणी साधी आहे. आई-वडिलांचे पैसे भरण्याआधी पॉलिसीचा कागद मागा, नुसता नंबर नको. आजाराचा रकाना स्वतः भरा आणि गोळ्यांची नावं लिहा. मुक्कामाचे सगळे दिवस पॉलिसीत येतात का ते मोजा. क्लेमची खबर किती तासांत आणि कोणत्या नंबरवर द्यायची ते अम्मीच्या पर्समध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, फक्त नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. खालाची तक्रार आम्ही तिथेच टाकली आहे. फॉर्मवरची सही तिची नाही, हा आमचा मुद्दा आहे.

आणि जमातींनाही एक सांगणं आहे. हाजींच्या सत्काराचे हार आणि बॅनर यांवर जेवढा खर्च होतो, त्याच्या पावभागात पॉलिसीची कलमं मराठीत आणि उर्दूत समजावून सांगणारी एक संध्याकाळ होते. आमच्या मोहल्ल्यात येत्या रमजानच्या आधी आम्ही ती ठेवली आहे. गावातल्या तीन टूरवाल्यांना पॉलिसीची प्रत घेऊन बोलावलं आहे. दोघांनी येतो म्हटलंय. तिसऱ्याने विचारलं, “रेकॉर्डिंग करणार आहात का?” आम्ही हो म्हटलं.