फाटकावरच्या माणसाचे आजारपण

पहाटे चारच्या सुमारास नालासोपारा, विरारच्या इमारतींत सहेरीसाठी एकेक खिडकी उजळू लागते. फजरच्या नमाजला निघालेल्यांना फाटक उघडून देणारा माणूस मात्र रात्रभर जागाच असतो. अनेक सोसायट्यांत तो नेपाळचा. त्याचे खरे नाव फार थोड्यांना ठाऊक. सगळ्यांसाठी तो ‘बहादूर’. इफ्तारच्या वेळी खजूर आणि भज्यांची ताटली आठवणीने त्याच्याकडे जाते. पण तो आजारी पडला तर?

1 जुलै 2024 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्वांसाठी खुली झाली. पिवळे, केशरी, पांढरे, कोणतेही रेशनकार्ड चालते. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. कार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र. ‘सर्वांसाठी’ हा शब्द इथेच अडतो. रेशनकार्ड भारतीय नागरिकालाच मिळते आणि त्या दाखल्याचे पूर्ण नावच ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास’ असे आहे. उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराचे नाव गावी आयुष्मान भारतच्या यादीत असेल, तर योजनेतल्या रुग्णालयात ते कार्ड वसईतही चालते. नेपाळी वॉचमनला तीही सोय नाही. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे तो इथे राहू शकतो, कमावू शकतो. योजनेच्या काउंटरवर मात्र वीस वर्षांनंतरही तो परकाच.

राज्याच्या पैशावर आधी नागरिकांचा हक्क, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, जरी साबणाच्या वडीवरचा कर बहादूरही भरत असला. पण एका ठिकाणी हा वादच उरत नाही. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ईएसआयसी आहे. मालक पगाराच्या 3.25 टक्के भरतो, कामगार 0.75 टक्के. तिथे पात्रता नोकरीवरून ठरते, नागरिकत्वावरून नाही. आणि कागदपत्रे? वर्षभरात 182 दिवस भारतात राहिलेल्या नेपाळी माणसाला आधारही काढता येते.

समजा पगार 15 हजार. मालकाचा वाटा महिना 487 रुपये 50 पैसे. पन्नास बिऱ्हाडांच्या सोसायटीने तो एजन्सीला वेगळा दिला, तरी घरटी दहा रुपयांच्या आत. पण बैठकीत सर्वांत स्वस्त एजन्सी निवडली जाते, आणि स्वस्ताई कुठून आली हे कोणी विचारत नाही. मग वॉचमन अंथरुणाला खिळला की वर्गणी निघते.

जकातीच्या आठ हक्कदारांत कुरआनने मुसाफिरालाही धरले आहे. गावी घर-जमीन असेल, पण वाटेत हात रिकामा, असा माणूस. 1284 च्या सुमारास कैरोत सुलतान कलावूनने उभारलेल्या रुग्णालयाच्या वक्फनाम्यात स्थानिक आणि परदेशी असा भेद न करता उपचार देण्याची अट होती. आजच्या जकातीला धार्मिक निकष आहेत, सदका मात्र कोणालाही देता येतो आणि रमजानमध्ये तो सढळ हाताने दिला जातो. तो द्यावाच. पण जो हक्काने मिळू शकतो तो उपचार त्या माणसाला पाकिटातून का मिळावा?

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत एजन्सीचे बिल मंजूर होण्याआधी कुणीतरी, मग तो रोजेदार असो वा नसो, वॉचमनचा ईएसआयसी विमा क्रमांक मागावा. आणि त्याचे खरे नाव तिथे बरोबर लिहिले आहे का, तेही पाहावे.