अनोळखी इसमाचा कैवार

शहापूरचा वाचक आसनगाव स्थानकावर लोकल धरतो आणि बसायला जागा मिळाली तर मुंबई येईपर्यंत अखंड वाचू शकतो. मुरबाडच्या वाचकाच्या दारी रेल्वे अद्याप आलेली नाही, आणि कल्याणच्या एस. टी.त डोळ्यांपुढची ओळ ठरत नाही, म्हणून तो रात्री जेवणे आटोपल्यावर ओटीवर दिव्याखाली वाचतो. एकच पुस्तक या दोन रीतींनी वाचले गेल्यावर त्याविषयी मतेही दोन व्हावीत यात नवल नाही. माझ्या संग्रहातली एक इंग्रजी कादंबरी गेल्या पावसाळ्यात प्रथम, मुलुंडला लेकीकडे जाऊन-येऊन असणाऱ्या शहापूरच्या एका सेवानिवृत्त तलाठ्यांकडे, म्हणजे आमच्या भाऊसाहेबांकडे, आणि तेथून मुरबाडच्या एका गुरुजींकडे गेली, ती परत आली तेव्हा तिच्यासोबत दोन परस्परविरुद्ध फैसले होते. ‘‘बाईंनी आपल्याला फसवलं,’’ असा भाऊसाहेबांचा निवाडा. ‘‘एवढा भयंकर खुनी मी उभ्या जन्मात वाचला नाही,’’ अशी गुरुजींची शिफारस. मला हे दोन्ही फैसले नामंजूर आहेत, आणि दोहोंवरचे अपील एकाच अर्जात दाखल करण्याचा येथे मानस आहे.

कादंबरी पॅट्रिशिया कॉर्नवेल यांची ‘पोस्टमॉर्टेम’. १९९० साली प्रसिद्ध झालेली ही लेखिकेची पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांनी आधी साभार परत केली होती, आणि छापून आल्यावर मात्र एडगर, क्रीझी, अँथनी आणि मॅकॅव्हिटी हे रहस्यकथेचे चारही मानाचे पुरस्कार एकाच वर्षात तिच्या पदरी पडले; म्हणजे मतभेदाची परंपरा भाऊसाहेब आणि गुरुजी यांच्यापासून सुरू झालेली नाही. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात एकामागून एक स्त्रिया आपापल्या घरात गळा आवळून मारल्या जातात, आणि शवचिकित्सा करणाऱ्या सरकारी खात्याच्या प्रमुख डॉ. के स्कार्पेटा त्या प्रेतांच्या साक्षीवरून खुन्याचा माग काढतात, एवढेच कथानक. त्या स्त्रिया एकमेकींना ओळखत नाहीत. त्यांना जोडणारा धागा कोणता, हे खरे कोडे. चर्चेसाठी रहस्य फोडल्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून ज्यांना ते राखून ठेवायचे असेल त्यांनी येथेच थांबावे. खुनी निघतो तो संकटकाळी मदतीसाठी येणारे दूरध्वनी घेणाऱ्या सरकारी कचेरीतला एक नोकर, जो फोनवर ऐकलेल्या आवाजांवरून आपले बळी निवडतो. आणि कथेतल्या ज्या ज्या माणसांवर वाचकाने संशय धरावा अशी योजना केलेली असते, त्यांपैकी तो कोणीही नसतो.

येथेच भाऊसाहेबांचा पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो दुबळा नाही. तीनशे पाने वाचकाला अमुक पत्रकार, तमुक सरकारी वकील, मयताचा नवरा यांच्याभोवती फिरवावे आणि शेवटी ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही असा मनुष्य हजर करावा, हा सौद्यातला दगाफटका होय, असे त्यांचे म्हणणे. या म्हणण्याला थोर आधारही आहे. कारण इंग्रज धर्मोपदेशक आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली या वाङ्मयप्रकाराच्या ज्या दहा आज्ञा घालून दिल्या, त्यांतली पहिलीच आज्ञा अशी की गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या पूर्वार्धात झालेला असला पाहिजे. नॉक्स भाऊसाहेबांनी वाचलेले नाहीत. त्यांचा आधार सातबाराचा आहे. ‘‘अख्ख्या नोकरीत जेवढे खून पाहिले,’’ ते म्हणाले, ‘‘ते बांधावरून, वाटणीवरून, नाहीतर बाईवरून. मारणारा आणि मेलेला एका पंगतीत जेवलेले. अनोळखी माणूस कशाला कुणाला मारेल?’’

या युक्तिवादाचे खंडन करताना प्रथम त्यातले सत्य मान्य केले पाहिजे. सामान्य खुनाला कारण असते, आणि कारण हे ओळखीतच जन्मते. इंग्रजी रहस्यकथेने वाडा, खेडे, जहाज अशी बंदिस्त जागा निवडली आणि आरोपींची यादी आरंभीच वाचकाच्या हाती दिली, ती याच अनुभवाच्या जोरावर. परंतु एक खून आणि खूनसत्र यांत संख्येचाच भेद आहे असे मानणे ही गफलत होय. अॅगाथा ख्रिस्ती यांनी १९३६ सालच्या ‘एबीसी मर्डर्स’मध्ये खूनसत्रही जुन्या कायद्याच्या चौकटीत बसवून दाखवले, ते कसे, तर त्या मालिकेच्या आड एकच हिशेबी खून दडवून. ती करामत अप्रतिम आहे, पण ती खूनसत्राची कथा नव्हे. ती खूनसत्राचा बुरखा घेतलेल्या भाऊबंदकीची कथा आहे.

महाराष्ट्राच्या गुन्ह्यांच्या इतिहासात या भेदाचे दोन नमुने शेजारी शेजारी पडलेले आहेत, आणि योग असा की दोन्ही प्रकरणांच्या तपासाशी रमाकांत कुलकर्णी या एकाच पोलीस अधिकाऱ्याचे नाव निगडित आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया आणि कोवळ्या मुली यांचे जे हत्याकांड झाले, त्याच्या मुळाशी गुप्तधनाची आणि संततीची लालसा असल्याचा आरोप झाला, आणि तो झाला त्याच गावात वावरणाऱ्या माणसांवर. ही भाऊसाहेबांची बाजू. उलट मुंबईत १९६८ साली पदपथांवर आणि झोपड्यांत निजलेल्या गरिबांची डोकी फोडणारा रामन राघव हा त्या मृतांचा नातलग नव्हता, शेजारी नव्हता, सावकार नव्हता, वैरीही नव्हता. मात्र तो सर्वस्वी अज्ञातही नव्हता. काही वर्षांपूर्वीच्या तशाच हल्ल्यांच्या वेळी तो संशयित म्हणून पकडला जाऊन पुराव्याअभावी सुटला होता. दप्तरात त्याचे छायाचित्र पडून होते, आणि ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक अॅलेक्स फिआल्हो यांनी त्याला ओळखले ते त्यावरूनच. मानवतचा खुनी शोधायला गावाची वंशावळ लागते. रामन राघव सापडायला दप्तर लागते.

‘पोस्टमॉर्टेम’चा खुनी या दुसऱ्या वर्गातला आहे. तो कथेत पूर्वी आला नव्हता ही तक्रार कागदोपत्रीच खरी. कारण ज्या सरकारी यंत्रणेकडे माणसे विश्वासाने धाव घेतात तिच्या एका टोकाला तो पहिल्यापासून बसलेला आहे, आणि घाबरलेल्या माणसाचा फोन घेणाऱ्या माणसाचे तोंड कोणी पाहिलेले नसते म्हणूनच तो आपल्यालाही दिसत नाही. नॉक्सच्या आज्ञेचा भंग येथे झाला आहे हे खरे. परंतु आज्ञा पाळण्यासाठी लेखिकेने त्या पत्रकाराला किंवा नवऱ्याला खुनी ठरवले असते, तर वाचकाला न्याय मिळाला असता आणि विषयावर अन्याय झाला असता.

दुसरा आक्षेप दोघांचाही समाईक आहे आणि तो लवकर निकालात निघण्याजोगा आहे: प्रयोगशाळेची वर्णने कंटाळवाणी, संगणकाची तर आता हास्यास्पद. संगणकाविषयी मी वाद घालत नाही. त्या काळची यंत्रे आज जुनी वाटणारच. पण प्रयोगशाळेची संथ गती हा दोष कसा? कॉर्नवेल यांनी रिचमंडच्या शवचिकित्सेच्या कचेरीत काही वर्षे प्रत्यक्ष नोकरी केलेली, आणि जनुकांवरून मनुष्य ओळखण्याची विद्या तेव्हा नुकतीच न्यायालयाची पायरी चढलेली. १९८७ साली त्याच शहरात घडलेल्या अशाच हत्यांचा गुन्हेगार त्याच विद्येच्या बळावर दोषी ठरला होता. आणि ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ हे वाक्य वर्तमानपत्रात वाचून अहवालाची महिनोन्महिने वाट पाहणाऱ्या आपल्या तालुक्यांनी तरी, प्रेताचे उत्तर प्रेतामागोमाग येत नाही, याबद्दल लेखिकेला बोल लावू नये.

आता गुरुजींच्या स्तुतीचे खंडन; कारण चुकीच्या कारणाने केलेली स्तुती निंदेपेक्षा अधिक नुकसान करते. त्यांच्या मते खुनी अनोळखी राहिल्यामुळे तो साक्षात दुष्टतेची मूर्ती झाला, राक्षस झाला, आणि त्या राक्षसाच्या भयाने त्यांना ओटीवरचा दिवा घालवून आत जावे लागले. मुरबाडची अमावास्या आणि ओटीमागचे रान ध्यानी घेता त्या भयाचे श्रेय एकट्या लेखिकेला देता येणार नाही, हे सोडून देऊ. पण राक्षस कोठे आहे? तेथे आहे तो पगारपत्रकावर सही करणारा, पाळी संपली की घरी जाणारा एक नोकर. त्याच्या मनाचे चाळे लेखिकेने आपल्याला चघळायला दिलेले नाहीत, आणि या वाङ्मयप्रकारात पुढे जो खुन्याच्या कौतुकाचा बाजार भरला तो पाहता हा संयम या पुस्तकाचा मोठाच गुण ठरतो. सबंध कथा एका स्त्री-डॉक्टरच्या तोंडून येते. तिच्यापुढे मेजावर असतो तो देह, आणि त्या देहाला नाव, व्यवसाय, सवयी, घरातली पुस्तके परत मिळवून देणे हे तिचे काम. राक्षस म्हटले की तपास संपतो. नोकर म्हटले की सुरू होतो.

आणि म्हणूनच या पुस्तकाचा खरा दोष दोघांच्याही नजरेतून निसटला. शेवटी खुनी डॉक्टरीणबाईंच्याच घरात शिरतो आणि फौजदार मरीनो त्याला गोळी घालतो. प्रकरण बंद, ना जबानी, ना साक्षी, ना उलटतपासणी. ज्या लेखिकेने मृतांचे अनोळखीपण एवढ्या कष्टाने फेडले, तिने मारणाऱ्याचे मात्र बंदुकीच्या एका बारात कायम केले. आपल्याकडच्या वास्तवाने ही पळवाट घेतली नाही: रामन राघवला फाशीची शिक्षा झाली, मानसतज्ज्ञांकडून त्याची तपासणी झाली, १९८७ साली ती शिक्षा जन्मठेपेवर आली, आणि १९९५ साली तो बंदिवासातच आजारपणाने मेला. हा शेवट कादंबरीला सोयीचा नाही, परंतु एका अनोळखी माणसाला कायद्याने ओळखून घेण्याचा तो खटाटोप होता. तेव्हा खुनी अनोळखी होता म्हणून नव्हे, तर तो तसाच राहू दिला म्हणून लेखिकेला जाब विचारावा.

हे सर्व मी भाऊसाहेबांना ऐकवले, तेव्हा त्यांनी नॉक्सचाही मान राखला नाही आणि माझाही. ‘‘ती अमेरिका. आपल्याकडं कोण अनोळखी?’’ मी म्हटले, ‘‘भाऊसाहेब, कसारा घाटाखाली तुम्ही एकदा पंच म्हणून सही केली होती, त्या बाईची हकिकत सांगा.’’ ती त्यांनीच मला पूर्वी सांगितलेली होती. वय अंदाजे तीस, उंची अमुक, अंगावर हिरवट लुगडे, उजव्या हातावर गोंदण, अनोळखी स्त्री. बाई कोण, हे शेवटपर्यंत कळले नाही. दप्तरी नोंद अकस्मात मृत्यूची. भाऊसाहेब बराच वेळ अडकित्ता हातात धरून बसले. कारण त्यांच्या हिशेबातली फट त्यांच्याही ध्यानात आली असावी: नोकरीत पाहिलेल्या खुनांत मारणारा नेहमी ओळखीचा निघाला, कारण जेथे तो ओळखीचा निघाला नाही तेथे खून हा शब्दच कागदावर चढला नसेल.

मुंबई-आग्रा रस्ता शहापुरातून वर चढून कसाऱ्याला जातो, कल्याण-नगर रस्ता मुरबाडातून माळशेजला. दोन्ही घाटांची नावे ज्या बातम्यांत येतात, त्यांत दऱ्यांत सापडलेल्या अनोळखी देहांच्याही असतात. आणि दिवाळी सरली की याच दोन तालुक्यांतल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊन माणसे वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडाला परततात. किती गेली, याची नोंद मुकादमाच्या वहीत सापडेल. तीत नावापुढे उचल लिहिलेली असते, आणि उचल फिटली की नावावर रेघ मारतात. परतली किती, हे ताडून पाहायला वही नाही. पोलिसी मराठीत मेलेला आणि मारणारा यांना, ओळख पटेपर्यंत, एकच संज्ञा आहे: अनोळखी इसम. खूनसत्राची कादंबरी या दोन अनोळखी इसमांची गाठ कोठे पडली ते शोधते, आणि तो शोध ज्यांच्या नसण्याने कोणाचेच अडत नाही अशा माणसांपासून सुरू होतो. म्हणून ‘पोस्टमॉर्टेम’ मी आपल्या दोन तालुक्यांसाठी कामाची मानतो.

भाऊसाहेबांनी पुस्तक पुन्हा वाचायला नेले आहे. गुरुजींनी त्यानंतर आपला नंबर लावून ठेवला आहे, मात्र या खेपेस दिवसा वाचण्याच्या अटीवर.