तान्ह्या बाळाचे कान

परवा एका परिचितांच्या घरी बारशानंतर प्रथमच जाणे झाले. सात महिन्यांची नात आजींच्या मांडीवर होती. परंतु आजी मूकच बसल्या होत्या. घरची बोली मारवाडी, दुकानातील व्यवहार मराठीत. नातीला पुढे इंग्रजी शाळेत घालायचे, म्हणून तिच्यापुढे मारवाडी बोलू नये असे घरात ठरले होते. समोर मोबाइलवर इंग्रजी बालगीते मात्र चालू होती.

‘एवढ्याशा बाळाला काय कळते?’ असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः त्याचे कान जन्मापूर्वीच कामाला लागलेले असतात. तीन दिवसांचेही न झालेले अर्भक आईचा आवाज परक्या स्त्रीच्या आवाजाहून वेगळा ओळखते, हे १९८० मध्ये अमेरिकेत प्रयोगाने दिसून आले. चोखणीच्या विशिष्ट लयीने आईचा आवाज ऐकू येतो हे उमगताच बाळे तशीच चोखू लागली.

याहून नवलाची गोष्ट आपल्या ‘ट’ आणि ‘त’ची आहे. इंग्रजीत हा भेद नाही. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखविले, की इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतील हे दोन ध्वनी वेगळे ऐकू येतात. दहा-बारा महिन्यांची झाल्यावर मात्र फारच थोड्यांना. हिंदीभाषक घरांतील बाळांची ही जाण त्या वयातही टिकून होती. ज्या मालाला उठाव नाही तो व्यापारी पुन्हा भरीत नाही. बाळाचा मेंदूही काहीसे तसेच करतो.

मग इंग्रजी गीतांनी काय बिघडले? २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकविली. समोर बसून खेळविणाऱ्या, पुस्तक वाचून दाखविणाऱ्या माणसांकडून बाळे त्या भाषेतील ध्वनिभेद शिकली. तीच माणसे पडद्यावर दिसली किंवा त्यांचा केवळ आवाज ऐकू आला, तेव्हा बाळे काहीच शिकली नाहीत. बाळाला भाषा हवी असते ती आपल्याकडे पाहणाऱ्या, आपल्या हुंकाराला उत्तर देणाऱ्या माणसाच्या मुखातून.

घरात दोन-तीन भाषा असल्याने मूल गोंधळते, ही भीती निराधार आहे. ज्याला जी भाषा मनापासून येते, त्याने त्या भाषेत बोलावे. आईला इंग्रजी सहज येत असेल तर तिने तीही अवश्य बोलावी. मात्र बाळ मोठ्या आवाजाने दचकत नसेल, किंवा दहा महिन्यांचे होऊनही ‘बाबा’, ‘दादा’ असे बोबडे उच्चार करीत नसेल, तर वाट न पाहता त्याची श्रवणचाचणी करून घ्यावी.

हे सारे ऐकून सूनबाईंनी मोबाइल बंद केला आणि म्हणाल्या, “माँसा, आता तुम्हीच बोला हिच्याशी.” आजींनी नातीला समोर धरले आणि हलकेच काही विचारले. नात त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहू लागली.