दूध न पचणे हा दोष नव्हे

दूध हे पूर्णान्न आहे, असे भारतीय घरांत इतक्या श्रद्धेने सांगितले जाते की, ज्याला ते पचत नाही त्याच्या प्रकृतीतच काही खोट आहे असे गृहीत धरले जाते. अलीकडे याच्या नेमके उलटे टोक गाठणाराही एक वर्ग दिसतो. पोट फुगले की दूध बंद आणि त्यासोबत दही-ताकही बंद. ही दोन्ही टोके शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत. त्यातही दुसऱ्या टोकाचा संबंध मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी पोहोचत असल्याने त्याकडे आहाराची एक लहर म्हणून दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

दुधातील साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती पचविण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते. अंगावरचे दूध सुटल्यानंतर जगातील बहुसंख्य माणसांत ते ओसरत जाते. मानवाची मूळ प्रकृती हीच. काही समाजांत मात्र ते आयुष्यभर टिकते. त्याचे मर्म २००२ साली फिनलंडच्या लीना पेल्टोनेन, इर्मा यार्वेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले. लॅक्टेजच्या जनुकापासून १३,९१० अक्षरे अलीकडे ‘सी’च्या जागी ‘टी’ हे अक्षर आले की विकर टिकते. आई व वडील या दोघांकडूनही ‘सी’च मिळाला, तर प्रौढपणी दूध पचविण्याची शक्ती मंदावते. भारतातही हाच बदल प्रामुख्याने आढळतो, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संशोधनाने दाखविले. वायव्येकडे त्याचे प्रमाण अधिक, तर दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी. देशभरात साधारणतः पाचांपैकी एकाच्याच वाट्याला तो आला आहे. म्हणजे दूध न पचणारेच येथे बहुसंख्य आहेत.

आता कर्करोगाचा प्रश्न. २००५ साली फिनलंडमधील संशोधकांना असे दिसले की, ज्यांच्यात ‘सी’ची जोडी आहे अशा फिनिश लोकांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १.४ पट आहे. मात्र त्याच अभ्यासात ब्रिटन व स्पेनमधील लोकांत असा संबंध आढळला नाही. मग दोष न पचलेल्या साखरेचा, की न प्यायलेल्या दुधाचा? २०२५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधील ५ लाख ४२ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज ३०० मिलिग्रॅम अधिक कॅल्शियम, म्हणजे सुमारे एक मोठा पेला दूध, घेणाऱ्यांत या कर्करोगाचा धोका १७ टक्क्यांनी कमी आढळला. दूध पिणारे मुळातच सुखवस्तू व जपून राहणारे असतील, अशी शंका येथे घेता येते. परंतु जनुक हे उत्पन्न किंवा सवय पाहून वाट्याला येत नाही, आणि दूध पचविणाऱ्या जनुकाच्या आधारे केलेल्या पडताळणीचा कौलही त्याच दिशेने पडला. कॅल्शियम आतड्यातील पित्ताम्ल व मेदाम्ले यांना बांधून ठेवते आणि आतड्याच्या अस्तराचे रक्षण करते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

याचा अर्थ जनुक हे विधिलिखित आहे असा मुळीच नाही. बहुसंख्यांना दूध न पचणाऱ्या भारतात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी आहे. मद्य, धूम्रपान, स्थूलता, बैठे जीवन आणि प्रक्रिया केलेले मांस ही कारणे अधिक वजनदार आहेत. पण शहरी भारताची राहणी नेमकी त्याच वाटेने निघालेली असताना ताटातले कॅल्शियमही कमी करणे, हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

म्हणूनच प्रश्न दूध प्यावे की सोडावे असा नसून, दुधाने जे मिळते ते कोणत्या मार्गाने मिळवावे असा आहे. ज्यांना लॅक्टोज पचत नाही, त्यांतील बहुतेकांना एक कपभर दूध एका वेळी सोसते. विरजणातील जिवाणू लॅक्टोज खाऊन टाकतात आणि उरलेले पचविण्यास मदतही करतात. म्हणून दही-ताक सहसा बाधत नाही. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसते, पण कॅल्शियमही नसते. ते दुधाची जागा घेऊ शकत नाही. उलट १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. प्रौढांसाठी दररोज १००० मिलिग्रॅमची शिफारस आहे, हे ध्यानात घेतले तर ताक व नाचणी यांचे मोल कळते. शाळांतून मुलांना दूध देणाऱ्या योजनांनीही दह्याचा वा ताकाचा पर्याय ठेवला पाहिजे. सर्वांना एकच पेला, हे समान पोषण नव्हे.

एक धोका याहूनही गंभीर आहे. शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, अकारण वजन घटणे किंवा पंडुरोग यांचे खापर दुधावर फोडून महिने घालविले जातात. दूध न पचल्याने पोट फुगते, जुलाब होतात; रक्त पडत नाही. दूध सोडून पाहण्यात घालविलेला काळ कर्करोग रुग्णाला परत देत नाही. तेथे आहार बदलण्याआधी वैद्य गाठणे, हेच कर्तव्य होय.