कोरडे गणित आणि कोकणातली ओल

जुलै २००५ मध्ये दासगाववर दरड कोसळली. जुई, रोहन, कोंडिवते या गावांवरही. एखादी दरड हवामानबदलामुळेच पडली, असे म्हणता येत नाही. डोंगराचा उतार, मातीचा थर, झाडतोड असे बरेच काही त्यात असते. पण हवा १ अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे कारखान्यांच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड कसा अडवायचा, हा प्रश्न सावित्रीकाठच्या माणसाला परका नाही.

यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या पदार्थांवर काम चालू आहे, त्यांतला एक म्हणजे नायट्रोजनयुक्त सच्छिद्र कार्बन. नाव जड असले तरी वस्तू ओळखीची आहे. घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो त्या कोळशाचाच हा भाऊबंद. नारळाच्या करवंट्यांपासूनही तो करता येतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवला की त्यात अतिसूक्ष्म छिद्रे पडतात आणि युरिया मिसळला की काही ठिकाणी कार्बनच्या जागी नायट्रोजनचे अणू बसतात. हे अणू कार्बन डायऑक्साइडला जवळ ओढतात. छिद्राचे मापही तितकेच महत्त्वाचे. रेणू सुमारे ०.३३ नॅनोमीटरचा, छिद्र साधारण त्याच्या दुप्पट. फार मोठे झाले की पकड सैल पडते.

नायट्रोजन किती, छिद्रे केवढी, याचे शेकडो नमुने भट्टीत घालून तपासायला वर्षे जातील. म्हणून संगणकावरच छिद्रे रचतात, त्यांत रेणू सोडतात आणि लक्षावधी वेळा फासे टाकल्यासारखे ते हलवून किती चिकटले ते मोजतात. पद्धत उत्तम आहे. पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात.

माझा आक्षेप आहे तो त्यात गृहीत धरलेल्या धुराला. अशा अनेक गणितांत धूर म्हणजे फक्त कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन. खऱ्या बॉयलरच्या धुरात पाण्याची वाफ असते, कोळसा जाळला तर सल्फर डायऑक्साइडही. आणि नायट्रोजनच्या ज्या जागा कार्बन डायऑक्साइडला ओढतात, त्याच पाण्यालाही ओढतात. कोरड्या गणितात पहिला आलेला नमुना ओल्या धुरात मागे पडू शकतो. धूर आधी वाळवायचा तर त्यालाही ऊर्जा लागते, पकडलेला वायू सोडवून कोळसा पुन्हा वापरायलाही लागते. ही ऊर्जा हिशेबात नसेल तर किती वायू पकडला हा आकडा अपुरा आहे. (गणित करणाऱ्यांनी एक पावसाळा महाडला काढावा. इथे कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते.)

मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडण्याच्या संशोधनासाठी राष्ट्रीय केंद्र आहे, तर महाडला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत. संगणकाने निवडलेले चार-दोन नमुने तिथल्या एखाद्या धुराड्याला जून ते सप्टेंबर लावून पाहणे अवघड नसावे. सरकारी निधी मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात वाफेसह काढलेला आकडा पहिल्याच तक्त्यात असावा, परिशिष्टात नव्हे.