संशय आणि पुरावा

गेल्या महिन्यांत आमच्या गोवंडीच्या घरीं धाकट्या सूनबाईंची सोन्याची अंगठी नाहींशी झाली. सोमवारीं रात्रीं ती त्यांच्या बोटांत सर्वांनीं पाहिली होती. मंगळवारीं सायंकाळीं ती नव्हती. बुधवारीं सकाळीं बैंगनवाडीहून आमच्याकडे कामास येणाऱ्या बाई आल्या. त्यांस कोणीं एक शब्दही विचारला नाहीं. परंतु विचारावयाचें तें सर्वांच्या डोळ्यांनीं विचारलें. त्यांत माझेही डोळे होते. जातांना बाईंनीं आपण होऊन आपली पिशवी उघडून दाखविली.

कोपऱ्यांत बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा वाचीत बसलेला आमचा बारा वर्षांचा नातू तेव्हां म्हणाला, "आजोबा, मावशी तर मंगळवारीं आल्याच नव्हत्या!"

हें मला सुचलें नव्हतें. अर्नाळकरांचीं पुस्तकें मात्र मीं शाळेंत मुलांच्या दप्तरांतून कितीदां तरी काढून घेतलीं होतीं.

वास्तविक गुन्ह्याची कथा आपणांस परकी नाहीं. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'च्या नवव्या अंकांत न्यायसभाच भरते. चारुदत्तावर वसंतसेनेच्या वधाचा आरोप येतो, आणि ऐन वेळीं विदूषकाच्या काखेंतून तिचे अलंकार खालीं पडतात. पुरावा डोळ्यांसमोर आहे, राजा पालक वधाची आज्ञा करतो, आणि वसंतसेना तर जिवंत आहे! तेथें उणीव आहे ती 'हे अलंकार येथें आले कसे?' असें शेवटपर्यंत विचारणाऱ्या शोधकाची. तसा शोधक पुढें १८४१ सालीं अमेरिकेंत एडगर ॲलन पो यानें द्युपँच्या रूपानें उभा केला, आणि १८८७ सालीं कॉनन डॉइलचा शेरलॉक होम्स अवतरला.

मराठींत दातारशास्त्र्यांनीं रेनॉल्ड्सच्या अद्भुत कादंबऱ्या आणल्या. शास्त्री असून त्यांस त्यांत कमीपणा वाटला नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्यानंतर अर्नाळकरांनीं (१९०६–१९९६) हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून झुंजार आणि काळा पहाड यांस घरोघरीं नेलें. त्यांत साहस अधिक आणि तर्क कमी, हा माझा जुना आक्षेप आजही कायम आहे. तथापि अशा कथांच्या वाचकास एक संवय आपोआप जडते: ज्याच्यावर प्रथम संशय जातो, तो बहुधा गुन्हेगार नसतो. चाळीस वर्षें सुभाषितें शिकवूनही ही संवय मजला जडली नव्हती.

गुरुवारीं अंगठी कणकेच्या डब्यांत सांपडली. मीं सर्वांदेखत बाईंची क्षमा मागितली. "असूं द्या, गुरुजी," एवढें म्हणून त्या भांडीं घासावयास बसल्या.

पिशवी मात्र त्या दिवसापासून त्या दाराबाहेरच ठेवतात.