सूर्याची वीज आणि घराचा मेन बोर्ड

सटाणा व सभोंवतालचें बागलाण उन्हाच्या बाबतींत श्रीमंत आहे. ज्या उन्हावर येथील डाळिंबें व द्राक्षें पिकतात, त्याच उन्हावर आतां घरांतले दिवे व पंखे चालूं लागले आहेत. बागलाणास लागून असलेल्या साक्री तालुक्यांत, शिवाजीनगर येथें, महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ सालीं सुरू झाला. पुढें २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजना काढून दोन किलोवॅटच्या घरगुती यंत्रणेस ६०,००० रुपये व तीन किंवा अधिक किलोवॅटच्या यंत्रणेस ७८,००० रुपये अनुदान ठरविलें. तेव्हांपासून हा विषय थेट माजघरांत येऊन पोहोंचला.

परंतु घरोघर जी चर्चा चालते ती किंमतीपासून सुरू होते व किंमतीपाशींच संपते. किती किलोवॅट, किती अनुदान, किती वर्षांत पैसे फिटतील, हें सारें वडीलधारी मंडळी बारकाईनें पाहतात. मात्र गच्चीवरून खालीं आलेली तार मेन बोर्डास कोठें व कशी जोडली, हा प्रश्न वायरमनवर सोंपवून मोकळी होतात. आमच्या मतें खरा विचार येथेंच करावयाचा आहे.

आजवर आपल्या घरांत वीज एकाच वाटेनें येत असे: खांबावरून मीटरांत, तेथून मेन स्विचांत व पुढें खोल्याखोल्यांत. मेन स्विच पाडला कीं घरांत वीज नाहीं, ही खूणगांठ लहानथोर सर्वांनीं मनाशीं बांधलेली असते. सौर इन्व्हर्टर जोडला कीं त्याच बोर्डास दुसरी वाट फुटते, आणि ही जुनी खूणगांठ खोटी ठरूं शकते. शिवाय हें घर आतां वीज नुसतें घेत नाहीं, बाहेर देतेंही. म्हणूनच महावितरण कंपनी जुन्या मीटरच्या जागीं आलेली व गेलेली अशी दोन्ही वीज मोजणारें नेट मीटर बसविते.

या देण्यांत एक मोठें जोखीम आहे. वादळांत तार तुटली म्हणून लाईनमन डी. पी. बंद करून खांबावर चढला आहे, अशी कल्पना करा. डी. पी.चें रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरगुती करितें, हें सर्वांस ठाऊक आहे. तेंच रोहित्र उलट दिशेनेंही तितक्याच इमानानें काम करितें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. एखाद्या घरची वीज मागें फिरून लाईनवर गेली, तर खालच्या तारेंत २३० व्होल्ट व वरच्या तारेंत हजारों व्होल्ट उभे राहूं शकतात. आणि त्या माणसाच्या समजुतीनें मात्र तार मेलेली असते.

हें टाळण्यासाठींच लाईनशीं जोडलेला सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज जातांच सुमारें दोन सेकंदांच्या आंत स्वतः बंद पडतो. भर दुपारीं ऊन तळपत असतां घरांतले पंखे थांबतात, तेव्हां पुष्कळांस आपण फसलों असें वाटतें. वस्तुतः तो इन्व्हर्टर आपलें पहिलें कर्तव्य बजावीत असतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. आणि मग बोर्डाची मांडणी अधिकच विचारपूर्वक करावी लागते.

त्या मांडणींत निकडीच्या गोष्टी, म्हणजे दिवे, पंखे, फार तर फ्रिज, एका निराळ्या छोट्या बोर्डावर घ्याव्या. गिझर, इस्त्री व पाण्याची मोटर मेन बोर्डावरच राहूं द्यावी. इन्व्हर्टर बंद असतां हा छोटा बोर्ड लाईनवर घेण्यासाठीं चेंज-ओव्हर स्विच बसवितात. तो फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा, आणि एका वाटेवरून दुसरीवर जातांना मध्यें ‘बंद’ ही जागा घेणारा असावा. दोन्ही टोंकांस पिना लावलेली वायर भिंतींतील प्लगांत खुपसून घरभर वीज खेळविण्याची युक्ति कित्येक ठिकाणीं चालते. तिच्या उघड्या पिनांत २३० व्होल्ट असतात, आणि मेन स्विच पाडण्यास कोणी विसरला कीं वीज सरळ खांबावर जाते. ही युक्ति घरांत येऊंच देऊं नये.

एकत्र कुटुंबाच्या घरांत आणखी एक अडचण हटकून निघते. घर जसें वाढत गेलें, तसें वायरिंगही तुकड्यातुकड्यानें वाढलेलें असतें. थोरल्यांच्या खोलीचें न्यूट्रल धाकट्यांच्या खोलीच्या न्यूट्रलांत मिसळलेलें असतें. आजवर त्यानें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु निकडीचा बोर्ड वेगळा काढतांच गळती-रोधक स्विच वारंवार पडूं लागतो, किंवा नवा इन्व्हर्टरच जळतो. म्हणून जोडणीपूर्वीं प्रत्येक सर्किटचें न्यूट्रल निराळें करवून घ्यावें. या कामास लागणारा एक दिवस वांचविण्याच्या भरीस पडूं नये.

मेन बोर्डाची पट्टीही तपासावी. तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर २३० व्होल्टवर सुमारें १३ अँपिअर देतो व त्यास १६ अँपिअरचा एम. सी. बी. लावतात. मेनचा एम. सी. बी. ३२ अँपिअरचा असेल, तर दोन्ही वाटा मिळून त्या पट्टीवर ४८ अँपिअरपर्यंत भार येऊं शकतो, आणि एकही एम. सी. बी. पडत नाहीं. पट्टी ४० अँपिअरच्याच लायकीची असली तर ती मुकाट्यानें तापत राहते.

गच्चीकडील बाजूची जात तर निराळीच. घरांतील वीज सेकंदास १०० वेळां शून्यावर येते, त्यामुळें स्विच उघडतांना पडलेली ठिणगी आपोआप विझते. पॅनेलांची वीज एकदिश असते. ती शून्यावर येतच नाहीं. आठ पॅनेलांच्या माळेंत ३०० ते ४०० व्होल्ट असतात व तेथें पडलेली ठिणगी लांबत जाऊन आग लावूं शकते. तेव्हां त्या बाजूस डी. सी. करितांच बनविलेले स्विच हवेत. उरलेला साधा एम. सी. बी. तेथें चालवून घेऊं नये. पॅनेलांचें, इन्व्हर्टरचें व वीजरोधकाचें अर्थिंगही निरनिराळें घ्यावें.

जोडणी परवानाधारकाकडूनच करवावी, आणि तो निघण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं बोर्डासमोर उभें राहून बंद करण्याचा क्रम शिकून घ्यावा: आधीं इन्व्हर्टरचा ए. सी. स्विच, मग डी. सी. स्विच, मग मेन. ऊन आहे तोंवर गच्चीवरील तारा जिवंतच असतात, हें मुलांस बजावावें. दुपारीं पुरुषमंडळी बाहेर असतात. म्हणून हा क्रम सासूबाई व सूनबाई यांस तोंडपाठ असणें अधिक अगत्याचें आहे. ‘या बोर्डास दोन वाटांनीं वीज येते’ अशी मराठी पाटी बोर्डावर व मीटरपाशीं लावावी.

१८७०-७१ च्या दुष्काळांत सरकारी खजिना भुकेल्यांसाठीं मोकळा करणाऱ्या यशवंतराव मामलेदारांस ज्या सटाण्यानें देवपण दिलें, तेथें दातृत्वाची थोरवी निराळी सांगावयास नको. आपल्या छपरावरचें ऊन शेजाऱ्यांच्या दिव्यांस जावें, हेंही एक देणेंच आहे. तें खांबावरच्या माणसाच्या जिवावर उठणार नाहीं, एवढी दक्षता प्रत्येक घरानें घ्यावी, इतकें सुचवून आम्ही येथें थांबतों.